चाळीस भाच्या

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! बॅग ताईच्या मागल्या खोलीत टाकली आणि पाठ टेकायच्या आत ताईने ही वही हातात ठेवली. म्हणाली, नव्या नोकरीतलं रोजचं रोज लिहून ठेव, मी बरी झाले की एका बैठकीत वाचून काढणार. वर दम दिला, एक ओळ जरी खोटी लिहिलीस तर याद राख. दहा मिनिटांनी मोठी आहे, पण तोरा दहा वर्षांचा. आम्ही जुळ्या, अगदी हुबेहूब. लहानपणी आई गोंधळून एकीलाच दोनदा औषध पाजायची, आणि ती एक नेहमी मीच असायचे. आता कुणाचा गोंधळ होणार नाही. ताईच्या डोक्यावर केस नाहीत आणि मनगट माझ्या दोन बोटांत मावतं.

ठकीचा मात्र झाला. ठकी म्हणजे ताईची लेक, अकरा महिन्यांची. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत आईकडे पाहिलं, आणि शेवटी जी धष्टपुष्ट दिसली तिच्याकडे झेपावली. लबाड कुठली! भाऊजी मोठ्याने हसले. ताई म्हणाली, हे महिन्यात पहिल्यांदा हसले.

४ फेब्रुवारी

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. दोन दारं, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधल्या खोलीत कपडे बदला, केस टोपीत कोंबा, कोपरापर्यंत हात धुवा. एवढी बडदास्त कुणाची, तर उंदरांची! पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, एका पिंजऱ्यात एक असे चाळीस. त्यांच्या अंगात स्वतःची रोगाशी लढायची ताकदच नाही, कुणी शिंकलं तरी जातील. त्या मोकळ्या अंगात माणसाच्या मूळ पेशी सोडल्या आहेत आणि बारा आठवड्यांत उंदराच्या कातडीखाली माणसाचं रक्त तयार झालंय.

माणसाचं म्हणजे आमच्या ठकीचं. नववा महिना चालू असताना ताईच्या छातीत गाठ सापडली, तेव्हा बाळंतपणात नाळेतलं रक्त राखून ठेवलं होतं. आधी माझी मज्जा काढून ताईला दिली. गाठ पाच महिन्यांत परत आली, कारण माझं रक्त आणि तिचं रक्त एकच, त्याला त्या गाठीत काही वावगं दिसेना. मुलीचं रक्त अर्धं बापाचं. त्यातल्या मारक पेशी आईच्या गाठीला परकं समजून मारतील आणि आईच्या बाकी शरीराला सोडतील, अशी आशा. मी दहा वर्षं हेच काम करतेय, म्हणून इथल्या प्रमुख डॉक्टरबाईंच्या मागे लागून ही जागा मिळवली. आपल्या बहिणीचं काम परक्याच्या हातात कशाला?

पिंजऱ्यांसमोर उभी राहून म्हटलं, काय गं भाच्यांनो, मावशी आली! पिंजरे सांभाळणारे काका खुदकन हसले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या हसत नसाव्यात.

७ फेब्रुवारी

ताई, तुला समजेल असं लिहिते. दर दोन दिवसांनी एक उंदीर घ्यायचा. शेपूट धरून, मानेवर चिमटा दाबून, एक झटका. माझा हात साफ आहे, त्याला कळतसुद्धा नाही. काका म्हणाले, एवढ्या सफाईने मारणारी बाई त्यांनी पाहिली नाही. मला उगाच छान वाटलं.

मग प्लीहा आणि हाडांतला मगज काढून त्यातल्या मारक पेशी वेगळ्या करायच्या आणि बाटलीत वाढवायच्या. वाढल्या की प्लास्टिकच्या प्लेटमध्ये छोटे छोटे खळगे असतात, त्यात तुझ्या गाठीच्या पेशी घालायच्या आणि वर दहापट मारक पेशी. चार तासांनी बघायचं. मेलेली पेशी लाल दिसते. शंभरातल्या किती लाल, तो आपला आकडा. शेजारच्या खळग्यांत निरोगी रक्ताच्या पेशी घालायच्या, त्या मरता कामा नयेत. त्याला कंट्रोल म्हणतात. इथली रीत अशी की जो काम करतो त्याने स्वतःचं बोट टोचून कंट्रोलचं रक्त द्यायचं. बाईंचा नियम एकच: कंट्रोलमध्ये शंभरात पाचापेक्षा जास्त मेल्या, तर बाटली ओतून द्यायची आणि नवे उंदीर तयार करायचे. म्हणजे पुन्हा बारा आठवडे.

माझ्या रक्तावर कंट्रोल म्हणजे तुझ्याच रक्तावर, नाही का? दुसरीकडे हे जमलं नसतं, असं बाईच म्हणाल्या.

१० फेब्रुवारी

पहिली प्लेट! गाठ एक्केचाळीस, कंट्रोल दोन. जीव भांड्यात पडला. घरी येऊन ताईला सांगितलं तर म्हणाली, माझ्या लेकीला पहिल्याच परीक्षेत एक्केचाळीस मार्क, आणि मावशी पहिलीत नापास झाली होती. हसता हसता तिला ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबेना. भाऊजी पाठ चोळत राहिले. मी ठकीला घेऊन अंगणात गेले.

१४ फेब्रुवारी

एक अक्कल लढवलीये. ताईला द्यायला पाच कोटी पेशी हव्यात आणि बाटलीत वाढ मंद आहे. नियमाप्रमाणे प्लेट वाचून झाली की सगळे खळगे ब्लीचमध्ये ओतायचे. गाठीच्या खळग्यांतलं ठीक, ते थकलेले लढवय्ये. पण कंट्रोलच्या खळग्यांत मारक पेशी नुसत्या बसून असतात, चार तास माझ्या रक्ताच्या शेजारी, हातावर हात ठेवून. धडधाकट पेशी ओतून द्यायच्या? मी त्या धुऊन घेतल्या आणि परत बाटलीत सोडल्या. असा उरलंसुरलं परत टाकायचा स्वभाव आईकडून आलाय. बाईंना सांगितलं नाही, त्या नाकावर माशी बसू देत नाहीत. पण ताई, तुझ्यासाठी एकही थेंब वाया जाऊ देणार नाही.

१९ फेब्रुवारी

गाठ त्रेसष्ट, कंट्रोल चार. बाटली आता जोमात आहे.

एक गंमत. मी उंदरांच्या खोलीत शिरले की सगळे पिंजऱ्याच्या माझ्याकडच्या कोपऱ्यात येतात. मी डावीकडून उजवीकडे चालत गेले तर तेही सरकत गेले. काकांना दाखवलं. ते म्हणाले, खाण्याच्या आशेने येत असतील. पण खाणं काका घालतात, आणि काकांकडे एकानेही पाहिलं नाही. आता बत्तीस उरलेत. मी म्हटलं, मावशीचा लळा लागलाय. काका म्हणाले, मावशी दिवसाआड एकीची मान मोडते, कसला लळा!

२४ फेब्रुवारी

कंट्रोल नऊ.

बोट पुन्हा टोचलं, पुन्हा लावली. अकरा. माझी सर्दी असेल, औषध घेतलं होतं, त्याचं काही असेल. जुन्या प्लेटींचे आकडे काढून बघत बसले, आणि मग लख्ख दिसलं. दोन, दोन, चार, नऊ. ज्या दिवसापासून कंट्रोलमधल्या पेशी परत बाटलीत सोडायला लागले, त्या दिवसापासून चढतोय. चार तास माझ्या रक्ताशेजारी बसून त्या नुसत्या बसल्या नव्हत्या. त्या बघत होत्या. मी त्यांना दर वेळी घरी पाठवत होते, आणि त्या बाकीच्यांना सांगत होत्या.

हे शास्त्र नाही, मला कळतं. पण आकडे आहेत.

दुपारी ताईला तपासायला नेलं होतं, तिथे इस्पितळाच्या डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला बाहेर बोलावलं. गाठ श्वासनळीवर आलीये. पाच आठवडे, फार तर सहा. नवे उंदीर म्हणजे बारा.

रजिस्टरमध्ये कंट्रोलसमोर तीन लिहिलं. बाईंनी सही केली.

ताई, या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलंय. म्हणून इथे लिहिते.

२६ फेब्रुवारी

पेशी परत बाटलीत सोडणं बंद केलं, आता सगळं ब्लीचमध्ये. तरी कंट्रोल बावीस.

मायक्रोस्कोपखाली प्लेट ठेवली. पेशी खळग्यात सगळीकडे सारख्या पसरायला हव्यात. कंट्रोलच्याच नाही, कुठल्याच खळग्यात पसरल्या नव्हत्या — सगळ्या एका कडेला गोळा झालेल्या. मी बसले होते त्या कडेला. प्लेट अर्धी फिरवली आणि पाणी प्यायला गेले. परत येऊन पाहिलं तर पुन्हा माझ्याकडे.

रजिस्टरमध्ये दोन.

२ मार्च

काकांना म्हटलं, बोट द्या. ते म्हणाले, माझं रक्त काय कामाचं, अर्धं चहाच आहे. त्यांचं रक्त लावलं. एक. शेजारी माझं. अडतीस.

म्हणजे जगात कुणाला काही करत नाहीत. फक्त मला.

बसून विचार केला. मी त्यांना मारते म्हणून. बारा जणींच्या माना मी मोडल्यात, ताईने नाही. राग माझ्यावर आहे, ताईवर कशाला असेल? ती तर त्यांची आई. पोर कितीही चिडली तरी आईला ओळखते.

असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर माझं रक्त म्हणजे ताईचं रक्त, हे मला दहा वर्षांच्या नोकरीत शिकवून झालंय. पण पाच आठवड्यांतला एक गेला. आजपासून दिवसाआड नाही, रोज एक उंदीर.

रजिस्टर: दोन.

६ मार्च

आज ठकी चावली. नवे चार दात, तेच टोचायचं बोट. पोरं चावतात, त्यात काय. पण ही सोडेना. रडत नव्हती, हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती. भाऊजींनी गाल दाबून सोडवलं. ताई पलंगावरून म्हणाली, मावशी गोड लागते वाटतं.

आजकाल ठकी पाळण्यात माझ्याकडच्या कठड्याला येऊन बसते. मी जागा बदलली की तीही.

९ मार्च

गाठ चौऱ्याण्णव. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, असा आकडा त्यांनी बावीस वर्षांत पाहिला नाही. पाच कोटी पुऱ्या झाल्या. तेरा तारीख ठरली.

कंट्रोल एकसष्ट. रजिस्टर: तीन.

फ्रिजमध्ये ताईच्या रक्ताची नळी आली होती. ताजी. त्यातल्या निरोगी पेशी काढून एक खळगा लावायचा, चार तास, बस. मग सगळं कळलं असतं. नळी दोनदा हातात घेतली. दोनदा परत ठेवली. लावली असती तर सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर ताई महिनाअखेरपर्यंत घुसमटून गेली असती, आणि भाऊजींनी विचारलं असतं, की तेव्हापासून माहीत होतं तर आत्तापर्यंत काय करत होतीस.

मी भित्री आहे. हे खरं लिहिलं.

बोट बरं होत नाही. चावल्याच्या जागेभोवती कातडी लाल, आणि ओली.

१३ मार्च

इस्पितळात अकरा वाजता दिलं. लहानशी पिशवी, पाण्यासारखी. अर्धा तास. ताई म्हणाली, एवढ्यासाठी चाळीस उंदीर? मी म्हटलं, एकवीसच लागले. म्हणाली, बाकीच्यांना जन्मभर सांभाळ हं, माझ्या लेकी आहेत त्या.

तिने माझा हात धरून ठेवला होता. पिशवीतलं पाणी माझ्या बाजूला कललेलं होतं का? मी बघितलं नाही. बघितलं नाही.

१५ मार्च

गाठ निम्मी! फोटोत स्पष्ट. ताई उशीशिवाय झोपली. भाऊजी जिन्यात बसून ढसाढसा रडले आणि माझे पाय धरायला वाकले. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, वेड लागलंय का.

कदाचित ओळखलं असेल. आईला ओळखलं असेल.

१७ मार्च

ताईचे तळहात लाल. इस्पितळाचे डॉक्टर म्हणाले, औषधाची ऍलर्जी असेल, जाईल.

माझ्या बोटासारखे. तस्सेच लाल.

१८ मार्च

पाठ. मान. चादरीला कातडी चिकटते — तीन जणी लागतात कूस बदलायला. शुद्धीवर आहे. झटका देऊन मारते मी उंदरांना, त्यांना कळतसुद्धा नाही. हिला सगळं कळतंय.

१९ मार्च

ताईने वही मागितली. ओठ फाटलेत, तरी हसून म्हणाली, बरी होईपर्यंत थांबत नाही आता, वाच. तूच वाचून दाखव.

मी वाचलं. तीन फेब्रुवारी वाचलं. सात वाचलं. दहाचं ऐकून म्हणाली, नापास झालेलं लिहिलंस, शाबास. चौदा तारीख आली आणि म्हटलं, पुढे नुसते आकडे आहेत गं, कंटाळशील.

तिने माझ्याकडे पाहिलं. दहा मिनिटांनी मोठी आहे ती. मी खोटं बोलले की तिला कळतं, कायम कळलंय.

माझ्या हातातून हात काढून घेतला.

२० मार्च

बाईंनी रजिस्टर तपासलं. दोन, तीन, दोन, तीन. म्हणाल्या, तुझ्या कामात खोट नाही, शरीराचा काही भरवसा नसतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या — त्या रडत होत्या. डॉक्टरबाई.

तोंड उघडलं होतं मी. सांगणार होते.

२१ मार्च

गेली. सकाळी नऊला.

शेवटच्या फोटोत गाठ नाही. शोधूनही नाही. शंभरातल्या शंभर.

२४ मार्च

बाईंनी सांगितलं, उरलेले एकोणीस संपवून टाक, तूच कर, तुझा हात साफ आहे.

गेले. एकोणीसच्या एकोणीस कोपऱ्यात. माझ्याकडे. पहिल्या पिंजऱ्याचं झाकण — हातमोज्यातून वास आला त्यांना. बोटाचा. पंजे नाही लावले, आवाज नाही केला. नुसती तोंडं वर.

नाही जमलं. काका म्हणाले, मी बघतो. कोपरापर्यंत लाल आहे हात. बाही लांब घालते.

२५ मार्च

भाऊजींनी ठकीला माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, तुझ्याएवढं तिच्यासाठी कुणीच झटलं नाही. ताईचा चेहरा तुझाच, पोरीला आई गेल्याचं कळणारही नाही. आता तूच हिची —

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

हाताची कातडी निघायला लागलीये. दंडापर्यंत.

२६ मार्च

दुपार. भाऊजी बाजूच्या खोलीत आहेत. भिंतीपलीकडे. खोकले की ऐकू येतं.

ठकी खाली उतरली. पाळण्याचा कठडा एवढा उंच, कशी उतरली — रांगत नाही, सरकतेय. मी खुर्ची दाराकडे नेली. ती दाराकडे वळली. पलंगावर चढून बसले. ती पलंगाकडे. रडत नाही. हसत नाही. तोंड वर.

ताई, हे तुझ्यासाठी लिहितेय, तू म्हणाली होतीस एकही ओळ —

पायाशी आलीये. चारी दात दिसतात. लाथ कशी मारू, तुझी लेक आहे. हाक मारली तर भाऊजी येतील, एका हाकेत येतील. येऊन उचलतील तिला. आणि माझा हात बघतील. ताईसारखाच, तस्साच. विचारतील हे काय, हे तुलाही कसं, आणि मग मला सांगावं लागेल की रजिस्टरमध्ये मी तीन लिहि